शब्दाचा मानकरी

सर,

तुम्हाला पोचवून परत येताना नदीच्या उतारावर भिकामामा म्हणाले, "डिस्पिकेबल मास्तर गेले रं. आसा मानूस पुन्यांदा व्हनं न्हाय." बरोबरच्या चारचौघांनी माना डोलावल्या. एकानं उपरण्यानं डोळे पुसले. मला एकदम हसू फुटलं, आणि ते दाबता दाबता मी असा काही रडायला लागलो की भिकामामांनी मला धरून दगडावर बसवलं. इंग्रजी येणारा कुणी परका तिथं असता तर त्याला वाटलं असतं, हे गाव मेलेल्या माणसालाही शिव्या घालतं.

शिवीच आहे ती. रागाची नव्हे, तिरस्काराची. ज्याच्यावर राग येतो त्याच्याकडे आपण निदान डोळे वटारून बघतो तरी. हा शब्द ज्याला लागतो त्याच्याकडे बघावंसंही वाटत नाही. असं तुम्हीच आम्हाला सांगितलं होतंत. आणि तोच शब्द हे गाव इतकी वर्षं तुमच्या नावाला पंडित, रावसाहेब लावावं तसा लावत आलं. एस.टी. स्टँडवर चहाचं हॉटेल चालवणारे, तुमच्या समोरच्याच घरात राहणारे हे भिकामामा तर गाडीला गर्दी असली की कंडक्टरला दरडावायचे, "अय, डिस्पिकेबल सर हायेत. म्होरं जागा दे." मी एकदा त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, मामा, हा शब्द वाईट आहे, असं म्हणू नका. त्यांनी माझी कीव केली. "लेकरू हायेस तू, शफी. येवढा शिकल्याला मानूस वंगाळ नाव कशापायी लावून घील?"

तोच प्रश्न मीही तुम्हाला किती वेळा विचारला. तुम्ही दर वेळी एकच उत्तर दिलंत आणि मला ते एकदाही पटलं नाही. आपलं भांडण मिटायच्या आधीच तुम्ही उठून गेलात, सर. हा काय न्याय झाला?

तुमची मानकऱ्यांची रीत आता मी वर्गात चालवतो. ती कुठून आली हे माझ्या मुलांना माहीत नाही. निजामाचं राज्य गेलं आणि शाळेतली उर्दू मराठीला जागा देऊन निघून गेली तेव्हा तुमची मोठी पंचाईत झाली होती. तुमचं सगळं शिक्षण उर्दूतून. इंग्रजी शब्दाचा अर्थ तुमच्या तोंडात आधी उर्दूत यायचा, मग तुम्ही तो ओढून मराठीत आणायचात, आणि तोवर मागची दोन बाकं पेंगायला लागायची. डिक्शनरीतल्या मराठीचा तर काडीचा उपयोग नव्हता. 'तिरस्करणीय' कळण्यापेक्षा इंग्रजी शब्द परवडला, असं तुम्हीच म्हणायचात. म्हणून तुम्ही मानकरी काढलेत. आपल्या जत्रेत पालखीचा मान एका घराचा, पहिल्या नारळाचा दुसऱ्या घराचा, तसा प्रत्येक इंग्रजी शब्दाचा मान गावातल्या नाहीतर पंचक्रोशीतल्या एका माणसाचा. 'पंक्चुअल'चा मान येडशीच्या स्टेशनमास्तरांना. 'ऑनेस्ट'चा मान तेरहून गाडगी घेऊन येणाऱ्या कुंभारणीला, कारण ती तडकलेलं गाडगं कुणाच्या गळ्यात मारत नसे. 'स्टबर्न'चा मान तुमच्या घरच्या काकूंना. त्यांनी तो घ्यायला नकार दिला, आणि नकारच देत राहिल्या, तेव्हा सगळ्या वर्गाला अर्थ कळला.

मानकऱ्याला त्याचा शब्द जाऊन सांगायचा, असाही नियम होता. भिकामामांना 'हॉस्पिटेबल' मिळाला. आम्ही पोरांनी तो त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी सगळ्यांना गोड शेव खाऊ घातली आणि पुढच्याच महिन्यात उस्मानाबादहून पेंटर आणून हॉटेलवर पाटी लावली, 'हॉस्पिटेबल टी हाऊस'. फळीवर निळी अक्षरं, कडेनं वेलबुट्टी. ती पाटी अजून आहे.

वाईट शब्दांना मात्र तुम्ही गावातलं माणूस देत नव्हता. "वंगाळ शब्द दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकू नये. आधी आपल्या घरात बसतो का बघावं." म्हणून विसरभोळ्याचा मान छत्री हरवणाऱ्या तुम्हालाच, आळशाचा मानही तुम्हालाच. आम्हाला त्याची मोठी गंमत वाटायची.

मग आठवीतला तो दिवस आला. धड्यातला एक सरदार जखमी मित्राला वाटेत टाकून पळतो, आणि राजा त्याला हा शब्द ऐकवतो. तुम्ही फळ्यावर शब्द लिहिला. उर्दूत म्हणालात, जलील. मराठीत म्हणालात, नीच. मग म्हणालात, "नाही. नीच माणसाची भीती वाटते. याची भीतीसुद्धा वाटत नाही." आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ह्येचा मान शफीच्या बापाला द्या!"

वर्ग खो खो हसला. माझे अब्बा निजामाच्या काळी कचेरीत उर्दू कागदांच्या नकला करायचे. मोत्यासारखं अक्षर. राज्य गेलं तसं ते अक्षर कुणाच्या कामाचं राहिलं नाही, आणि अब्बा बाजारात बसून फाटकी पोती शिवायला लागले. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. तरी गावात त्यांना 'निजामाचा मानूस' म्हणायचे, आणि पोरं घरात जे ऐकायची ते शाळेत आणायची. मी मान खाली घालून बसलो होतो. माझे कान इतके तापले होते की हात लावला असता तर चटका बसला असता.

तुम्ही त्या पोराला मारलं नाहीत. खडू ठेवलात, हात झटकलेत. "हा मान माझा आहे," म्हणालात. पोरं पुन्हा हसणार होती, पण तुमचा चेहरा बघून थांबली.

"एकदा तिन्हीसांजेला माझ्या दारावर थाप पडली. आवाजावरून मी माणूस ओळखला. चांगला माणूस. बाहेर त्याच्या जिवाला धोका होता आणि मला ते माहीत होतं. माझा हात कडीवर होता. मी कडी काढली नाही. तो माझं नाव घेऊन हाका मारत होता आणि मी आत श्वास धरून उभा होतो. मग तो निघून गेला. तो गेल्यावर मला बरं वाटलं. ते जे बरं वाटलं ना, त्याला इंग्रजीत हा शब्द आहे."

ज्यानं माझ्या बापाचं नाव घेतलं होतं तोच पोरगा हळूच म्हणाला, "कोन हुता सर त्यो?"

"ते विचारायचं नाही. शब्द माझ्यावर आहे, त्याच्यावर नाही. लिहून घ्या."

आम्ही लिहून घेतलं. आणि लिहिता लिहिता मी मनाशी पक्कं केलं की हा माणूस माझ्या बापासाठी सगळ्या वर्गासमोर खोटं बोलला. अब्बांवर पडणारा धोंडा यानं आपल्या डोक्यावर घेतला. त्या दिवसापासून तुम्ही माझे झालात. मी इंग्रजी शिकलो ते त्या एका गोष्टीपायी, मास्तर झालो तोही त्याच गोष्टीपायी.

घरी जाऊन मी सगळं सांगितलं. अब्बांच्या हातातला दाभण थांबला. आमच्या घरच्या बोलीत ते म्हणाले, "उनो सबके सामने बोले?"

"हौ."

"तेरे सामने?"

"हौ, अब्बा."

त्यांनी मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. अम्मा चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. सांगून झालं तेव्हा अब्बा उठले, चपला घातल्या आणि तुमच्याकडे गेले. त्यानंतर दर रविवारी ते तुमच्या ओट्यावर येऊन बसायचे. तुम्ही दोघं फारसं बोलायचा नाहीत. अब्बा उर्दू पेपर वाचून दाखवायचे, तुम्ही सुपारी कातरायचात. पुढच्या ईदला अम्मानं झाकणाच्या भांड्यात शिरखुर्मा घालून माझ्या हाती पहिल्यांदा तुमच्याकडे पाठवला. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत तुमच्याकडेही तीच आणि आमच्याकडेही तीच. ते भांडं कधी हरभऱ्याचे सोलाणे घेऊन परत आलं, कधी तिळाचे लाडू घेऊन, एकदा तर तुळजापूरच्या पेढ्यांनी भरून. अब्बा गेले तरी भांडं येत-जात राहिलं. मला वाटायचं, चला, उपकार फिटताहेत.

आणि तुमचं नाव? ते तर वाऱ्यासारखं पसरलं. पोरांनी शब्दाला मानकरी चिकटवला आणि मानकऱ्याला शब्द. इन्स्पेक्शनला औरंगाबादहून साहेब आले होते तो दिवस आठवतो? त्यांनी आमच्यातल्या एकाला त्या शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितला आणि तो खणखणीत आवाजात म्हणाला, "अवर सर इज डिस्पिकेबल." साहेबांच्या हातातला चष्मा पडायचा राहिला. हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "वाक्य बरोबर आहे, साहेब." साहेब हसावं की रागवावं हे न कळून पुढच्या वर्गात गेले.

मी नोकरीला त्याच शाळेत लागलो आणि आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचो, सर, पुरे झालं आता. अब्बा राहिले नाहीत, त्यांना कुणी काही बोलत नाही. ती दाराची गोष्ट रचलेली होती एवढं सांगून टाका. तुम्ही सुपारीचा अडकित्ता थांबवून म्हणायचात, "अर्थ सांगताना मास्तरानं खोटं बोलू नये, शफी." मी म्हणायचो, बरं, समजा खरी आहे. मग तो शब्द त्या एका कृत्याला लावा, अख्ख्या माणसाला कशाला? त्यावर तुम्ही चिडायचात. एरवी न चिडणारे तुम्ही. "कृत्य काय आपोआप झालं? दार काय आपोआप बंद राहिलं? कुणाचा तरी हात होता ना कडीवर?" मी हसायचो. मला वाटायचं, एकदा घेतलेलं सोंग म्हातारा शेवटपर्यंत वठवतोय. चहा पिऊन आपण उठायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

तुमच्या दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी नुसती दोन भोकं होती. शेळ्या सरळ माजघरात यायच्या, आणि एकदा चोरानं तांब्याची घागर नेली. काकू कडी बसवा, कडी बसवा म्हणून थकल्या, तुम्ही 'बसवू' म्हणत राहिलात. भिकामामा चेष्टा करायचे, "मास्तराचं घर म्हंजी धर्मशाळा हाय नुसती." हे सगळं मी रोज बघत होतो, सर. डोळ्यांनी बघत होतो.

आणि त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मला बोलावलं होतंत, ते? काकूंनी अंगणापासून उंबऱ्यापर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. पानावर बसताना मी सहज म्हणालो की माझी सगळ्यात जुनी आठवण अशाच पावलांची आहे. मी कुणाच्या तरी खांद्यावर आहे, समोर बंद दार, आणि खाली लहान लहान लाल पावलं त्या दाराखालून आत गेलेली. मला वाटायचं, एक छोटं पोर आत गेलं आणि त्याला घेऊन आम्हाला मात्र बाहेरच ठेवलं. काकूंच्या हातातला वाढायचा चमचा तसाच राहिला. तुम्ही पानावरून उठलात. आपल्यात भरल्या पानावरून कुणी उठतं का? मी समजलो, तब्येत बरी नसेल.

शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या खाटेपाशी बसलो होतो. बोलायला त्रास होत होता तुम्हाला. तरी विचारलंत, "तुझ्या अम्मांनी कधी काही सांगितलं?"

"कशाबद्दल, सर?"

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मग म्हणालात, "काही नाही. त्यांचं भांडं द्यायचं राहिलंय."

मी म्हणालो, भांड्याचं काय घेऊन बसलात, बरे झालात की द्या. आपल्या दोघांतलं ते शेवटचं बोलणं. कधी वाटतं, मी जरा नेट लावून विचारायला हवं होतं. मग वाटतं, जे तुम्हालाच इतकी वर्षं जमलं नाही ते मी कुठून काढलं असतं?

तुम्ही गेल्यावर काकूंना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी ते भांडं माझ्या हातात दिलं. झाकण उघडून दाखवलं. "रिकामं नेऊ नये, पण सुतकात काही घालता येत नाही रे बाबा," म्हणाल्या. मी भांडं घरी आणून अम्मापुढं ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते रिकामं आलेलं. अम्मानं आत बघितलं, पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून बसली. मग मला समोर बसवून तिनं सांगितलं.

आपल्या गावात त्या भाद्रपदात काय झालं हे इथं कुणी बोलत नाही. रझाकारांनी आधी गावाला छळलं होतं, ते खरंच आहे. मग फौज आली, राज्य बदललं. ज्यांनी छळलं होतं ते केव्हाच पळाले होते, आणि सूड उगवला गेला तो घरात सापडलेल्यांवर. एवढं मला ऐकून माहीत होतं. आमच्या घराला आग लागली होती, आम्ही ज्वारीच्या रानात लपलो होतो, माझी पाळण्यातली बहीण मुन्नी त्याच सुमाराला तापानं गेली, हेही माहीत होतं. पण तिच्या तापाचं आणि तुमच्या दाराचं नातं मला माहीत नव्हतं.

अब्बा मला खांद्यावर घेऊन, अम्मा मुन्नीला छातीशी धरून तुमच्या दारात आले होते. गल्लीत दुसऱ्या कुणाचा भरवसा अब्बांना वाटला नाही. तुम्ही दोघं एकाच उर्दू शाळेत, एकाच बाकावर शिकलेले. अब्बांनी तुम्हाला नावानं हाका मारल्या. आत दिवा होता, अम्मानं फटीतून पाहिला. मग तो विझला. आम्ही रानात गेलो. रानात पाऊस लागला, आणि मुन्नी दोन ओल्या दिवसांत गेली.

मी ओरडलोच अम्मावर. हे माहीत असून तू मला त्यांच्या वर्गात बसवलंस? शिरखुर्मा पाठवलास? अब्बा त्यांच्या ओट्यावर जाऊन पेपर वाचायचे?

अम्मा शांत होती. म्हणाली, "दरवाजे तो सबकेच बंद थे रे बेटा. पूरी गल्ली के. बोल के बताया सो एकीच."

सगळी दारं बंद होती आणि सांगितलं ते एकानं. एवढंच तिचं म्हणणं. माफ केलंस का त्यांना, असं मी विचारलं. तिनं भांडं उचलून घासायला घेतलं.

सर, मला तुमचा राग आलाय. खोटं कशाला बोलू? तुम्ही मला इतकी वर्षं तुमचे आभार मानू दिलेत. मी तुम्हाला खोटारडा समजून तुमच्या पाया पडत होतो आणि तुम्ही खरं बोलत होता. प्रत्येक रविवारी तोंडावर खरं सांगत होता, आणि मी हसून चहा पीत होतो. एकदा तरी म्हणायचं होतंत, शफी, ती थाप तुझ्या बापाची होती. काय झालं असतं? मी उठून गेलो असतो, कदाचित परत आलोच नसतो. ती भीती होती का तुम्हाला? की अब्बांनीच तुम्हाला गप्प राहायला सांगितलं होतं, त्या पहिल्या दिवशी, ओट्यावर बसून? तुम्ही दोघंही गेलात. आता कुणाला विचारू?

आणि या रागातच मला तुमची इतकी आठवण येते की कुणाशी बोलवत नाही. चाळीस पोरांसमोर, त्यात मी बसलेला असताना, तुम्ही तो शब्द उचलून गळ्यात घातलात. पोरांना गोष्ट सांगत नव्हता तुम्ही. माझ्याशी बोलत होता. आणि मीच एक असा होतो ज्याला ते कळलं नाही. तुमच्यावर मी माया केली ती चुकीच्या कारणासाठी केली, पण केली ती खरी. ती आता परत कशी घेऊ? घ्यावी का? मुन्नीला विचारायला हवं, आणि मुन्नीचा तर चेहराही मला आठवत नाही.

परवा शाळेत शोकसभा झाली. हेडमास्तरांनी आधीच मला सांगून ठेवलं होतं, "ते नाव तेवढं तोंडातून काढू नका. उलट, तो पोरांचा वात्रटपणा होता असं सांगून टाका. सरांचं नाव स्वच्छ होऊ द्या." हॉल भरला होता. तुमच्या गल्लीतली सगळी म्हातारी माणसं पुढच्या सतरंजीवर बसली होती. सगळ्यांनी तुम्हाला देवमाणूस म्हटलं. मग माझी पाळी आली. याच गावात मला राहायचंय, यांचीच पोरं शिकवायचीत, अम्माला याच बाजारातून भाजी आणायचीय.

मी म्हणालो, तो शब्द पोरांनी लावलेला नाही. सरांनी स्वतः घेतला आणि खरं सांगून घेतला. ज्याला दार उघडलं नाही तो माणूस माझा बाप होता, आणि मी त्याच्या खांद्यावर होतो. तेव्हा ते नाव कुणी पुसू नये. त्या शब्दाला अजून दुसरा मानकरी पुढं आलेला नाही, एवढंच मला सांगायचंय.

कुणीतरी खोकलं. पुढच्या सतरंजीवरच्या माना खाली गेल्या. हेडमास्तरांनी घाईघाईनं श्रद्धांजलीसाठी उभं राहायला सांगितलं, आणि सगळे सुटका झाल्यासारखे उभे राहिले. जाताना माझ्याशी कुणी बोललं नाही.

आज सकाळी शाळेत जाताना स्टँडवरून निघालो तर भिकामामांनी हाक मारली. हॉटेल उघडं होतं, पण भट्टी पेटवलेली नव्हती. मामा बाकावर नुसते बसले होते. मला बस म्हणाले.

"खरंच लई वंगाळ हाय व्हय त्यो शबूद?"

"हो, मामा."

"तू सांगितलं हुतंस मला. म्या म्हनलं, पोराला काय कळतंय." मग म्हणाले, "मास्तराच्या दारात तुझा बाप वरडत हुता, तवा आमी समदे आतच हुतो, शफी. माजं दार तर म्होरंच. मग त्यो शबूद एकल्या मास्तराचा कसा?"

मामांनी वर पाटीकडे बोट केलं. "आन् ह्यो माजा? ह्येचा अर्थ काय म्हनलं हुतं मास्तर?"

तुम्ही आम्हाला शिकवलं होतंत तेच शब्द मी सांगितले. आल्यागेल्याला दार उघडून थारा देणारा.

मामा उठले, आतून स्टूल आणलं आणि म्हणाले, "हात लाव जरा. उतरवू ती."

पाटी दिसते त्यापेक्षा जड निघाली, सर. दोघांना मिळून ती खाली घ्यावी लागली.